वेबसाइटवरच्या एका फोटोसाठी ४२ हजारांची मागणी – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
गुहागरला आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. वेबसाइट ओळखीतल्या एका मुलाकडून करून घेतली. परवा एका एजन्सीचा मेल आला. 'जेवण' पानावरचा सुरमई थाळीचा फोटो म्हणे त्यांच्या छायाचित्रकाराचा. १४ दिवसांत ४२ हजार भरा, नाहीतर कोर्ट. सोबत आमच्या पानाचा स्क्रीनशॉट. फोटो त्या मुलाने गूगलवरून उचललेला. (ताटात सोलकढीसुद्धा नाही!) आता तो म्हणतो, "काका, साइट तुमची, मी फक्त बनवून दिली."
फोटो पानावरून काढलाय. त्यावर कोणाचं नावबिव नव्हतं. पैसे भरून मोकळं व्हावं का?

प्रतिसाद १
लगेच भरू नका, पण मेल कचऱ्यातही टाकू नका. फोटोवर नाव नसलं तरी हक्क असतोच, नोंदणीही लागत नाही. साइट तुमच्या धंद्याची, त्यामुळे दावा तुमच्यावर येणार. त्या मुलालाही त्यात ओढता येतं. 'माहीत नव्हतं' हा बचाव १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५५ मध्ये आहे. तो सिद्ध झाला तर नुकसानभरपाई टळते. मनाई हुकूम आणि फोटोमुळे झालेल्या नफ्यातला वाटा एवढंच उरतं. पण नेटवरचा फोटो कोणाचा तरी असणारच, त्यामुळे हे कोर्टाला पटवणं जड जातं. कलम ६३ची, म्हणजे ६ महिने ते ३ वर्षं कैदेची, भीती घालतील. ते जाणूनबुजून केलेल्यासाठी आहे.
अमेरिकेत एका कलाकृतीमागे साधारण ७५० ते ३०,००० डॉलर अशी भरपाई कायद्यातच ठरवून दिलेली आहे. आपल्याकडे तसं काही नाही, तेव्हा ४२ हजार हा त्यांनी मागितलेला आकडा आहे, दंड नव्हे. आधी मालकीचा आणि छायाचित्रकाराने दिलेल्या अधिकाराचा कागद मागा. मग त्याच फोटोचा परवाना कितीला मिळतो ते बघून तिथून घासाघीस करा.

प्रतिसाद २
फोटो पानावरून गेला तरी फाइल सर्व्हरवर राहते आणि थेट लिंक टाकली की उघडते. मीडिया लायब्ररीतूनही (साइटचे फोटो जिथे साठवलेले असतात तिथून) काढा.

धागाकर्ता
खरंच उघडतोय की! आत्ता काढतो. मुलाचं बिल सापडलं, त्यावर 'डिझाइन, फोटोसह' असं लिहिलंय. उपयोग होईल?

प्रतिसाद १
होईल. त्याच्याशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणंही जपून ठेवा. एजन्सीला तुम्ही पैसे दिलेच, तर त्याच्याकडून वसूल करायला हाच आधार. मेलच्या उत्तरात मात्र 'चूक झाली, माफ करा' असलं काही लिहू नका. पाठवण्याआधी वकिलाला दाखवा.