नवीन व्हीएमसी, तरी शिफ्टला ३८च पीस. मदत हवी आहे (अर्जंट)

वाळूज_जॉबवर्क: दिवाळीला व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मशीन) घेतली. बीटी-४० साइजचं स्पिंडल (टूल धरून फिरवणारा दांडा), २४ टूलचा एटीसी (टूल आपोआप बदलणारा). हप्ते सुरू झाले, पण शिफ्टला ३८च पीस निघायलेत. कस्टमरला ५५ पायजेत, तेही सोमवारपासून. फीड (कापताना टूल सरकायचा वेग) वाढवून बघितलं, फरक नाही. काय करावं? लवकर सांगा.

टूलरूमवाला: मटेरियल? सेटअप किती, म्हणजे पीस किती वेळा बांधता? सायकल टाइम, म्हणजे एका पीसला मशीनवर किती वेळ? शिफ्ट आठची का बाराची? अंगठा धरून नाडी कशी सांगू, राव.

वाळूज_जॉबवर्क: एसजी आयर्नचं (एक ओतीव लोखंड) ब्रॅकेट आहे. शिफ्ट आठचीच असते ना.

शेंद्रा_एचएमसी: व्हीएमसी घेतली तिथंच गणित फसलं. एचएमसीला (आडव्या स्पिंडलची मशीन) दोन पॅलेट (बदलता येणारे टेबल) येतात. आत कटिंग चालू असताना बाहेरच्या पॅलेटवर लोडिंग उरकतं. टूम्बस्टोनच्या (उभ्या चौकोनी ठोकळ्याच्या) चारी बाजूंना पीस लावा, टेबल फिरतो, चिप्स आपोआप खाली पडतात.

जालना_लेथ: हप्ता तुम्ही भरणार का साहेब? त्याची आहे ती मशीन चालवायचं बोला. भाऊ, जी-८३ (थांबत-थांबत, पेक करत भोक पाडायची कमांड) लावलाय का? भोक डायच्या (व्यासाच्या) तिप्पट खोल असेल तर कार्बाइड ड्रिलला पेक कशाला? जी-८१ (एका दमात भोक) टाक. आणि फीड अजून २० टक्के वाढव.

टूलरूमवाला: वीस टक्क्यांनी फारसं काही वाचत नाही अन् इन्सर्ट (टूलच्या कापणाऱ्या कडा) लवकर जातात. आधी सायकल टाइम येऊ द्या.

वाळूज_जॉबवर्क: स्क्रीनवर सात मिनिटं दाखवतं. एकच सेटअप, नऊ टूल.

परभणीकर_मामा: माझा भाचा बारावी झाला. सीएनसी शिकायला चिकलठाण्याचं इंडो-जर्मन टूल रूम चांगलं, असं सगळे म्हणतात. वाळूजला पोरांना पगार काय देतात?

टूलरूमवाला: मामा, वेगळा धागा काढा.
वाळूजवाले, हिशोब बघा. ४८० मिनिटांतून जेवण-चहाची ४५ काढली की उरली ४३५. सातने भागली तर ६२ पीस. तुमचे ३८, म्हणजे एका पीसला जवळपास साडेअकरा मिनिटं. मधली साडेचार कुठं गेली? कंट्रोलर फॅनुकचा आहे का? त्याच्या स्क्रीनवरचा सायकल टाइम थांबा अन् फीड होल्ड (मधेच रोखलेला वेळ) धरत नाही. मोबाइल घेऊन दारापाशी उभे राहा, एका स्टार्टपासून पुढच्या स्टार्टपर्यंत मोजा. प्रोग्रामात एम-०० (मशीन थांबवायची कमांड) सुद्धा शोधा.

वाळूज_जॉबवर्क: फॅनुकच आहे. एम-०० सापडला, टॅपिंगच्या (भोकात आटे पाडायच्या) आधी. रात्रपाळीच्या ऑपरेटरनं टाकलाय. भोकात चुरा राहून टॅप तुटायलेत म्हणून तो एअर गननं साफ करतो. पीस काढल्यावर प्लग गेज (भोक तपासायचं माप) लावतो, तोवर मशीन उभी.

शेंद्रा_एचएमसी: आडव्या स्पिंडलला चुरा भोकात फारसा राहत नाही. मी तेच सांगत होतो.

जालना_लेथ: झालं, परत सुरू.

टूलरूमवाला: ऑपरेटरला रागवू नका, त्यानं टॅप वाचवले. स्पिंडलजवळ एअर नोझल बसवा, एम-कोडवर (प्रोग्रामातल्या कमांडवर) घ्या आणि टॅपच्या आधी दोन-तीन सेकंद हवा मारा. ते झाल्यावरच एम-०० काढा. गेज पुढचा पीस कापत असताना लावायचा. पीस धरायचे क्लॅम्प कशाचे आहेत?

वाळूज_जॉबवर्क: चार बोल्ट, पाना. नवीन रोबोट बसवला तर?

लातूर_फिक्स्चर: पान्याच्या जागी रोबोट नको हो. हायड्रॉलिक क्लॅम्प करा. नाहीतर दोन सबप्लेट बनवा: एक आत, दुसरीवर बाहेर पीस बांधून तयार. दार उघडलं की प्लेटच बदलायची. एका प्लेटवर दोन पीस बसवा, जी-५४ अन् जी-५५ (दोघांचे वेगळे शून्यबिंदू). एक टूल दोन्ही पीस करूनच परत जाईल, पीसमागे टूल चेंज निम्मे होतील. फक्त प्लेटचं लोकेशन पक्कं पायजे, नाहीतर बोअर (भोक) सरकतो.

वाळूज_जॉबवर्क: नोझल लावलं, गेज बाहेर घेतला. काल ४६ निघाले.

टूलरूमवाला: म्हणजे पीसला साडेनऊच्या आत आलात. उरलेली अडीच मिनिटं पान्याची आहेत. टेबलचा साइज आणि पीसचा फोटो टाका, दोन बसतात का बघू.

वाळूज_जॉबवर्क: फोटो कस्टमर टाकू देत नाही. टेबल नेहमीचाच आहे.

टूलरूमवाला: नेहमीचा म्हणजे किती बाय किती?

परभणीकर_मामा: पगाराचं कुणी सांगितलंच नाही.