जँगो २.२ वरून ४.२: थेट उडी की ३.२ वर मुक्काम?

विश्रामबाग, सांगली:
आमचं सॉफ्टवेअर अडत दुकानांसाठी हळदीच्या सौद्यांची नोंद ठेवतं. ते जँगोवर, म्हणजे पायथन भाषेतल्या वेब फ्रेमवर्कवर, चालतं. काल त्याची २.२ आवृत्ती काढून थेट ४.२ टाकली आणि सर्व्हर उठेचना. आधी युगेटटेक्स्ट हे जँगोचं जुनं फंक्शन इम्पोर्ट होईना. ते गेटटेक्स्ट केलं, तर फोर्स_टेक्स्ट अडलं. त्याचं फोर्स_एसटीआर केलं, तर यूआरएल फंक्शनच गायब, तिथे री_पाथ घातलं. चार तासांत सगळं चालू! म्हणून म्हणतो, थेट उडी घ्यावी. काय मोडलंय ते एररच सांगते. दोन माणसांच्या ऑफिसला मधे थांबायला वेळ कुठला?

मिरजेहून:
दादा, अजिबात पटलं नाही. पायथन पहिल्या इम्पोर्ट एररलाच थांबतो, म्हणून तुम्हाला एक काढली की दुसरी दिसत गेली. ही नावं जाणार हे जँगोने ३.० पासून, म्हणजे डिसेंबर २०१९ पासून सांगितलंय (यूआरएलचं ३.१ पासून). काढली ४.० मध्ये, डिसेंबर २०२१ ला. ३.२ वर थांबून पायथनला ‘-डब्ल्यूए’ (-Wa, म्हणजे सगळे इशारे दाखव) देऊन टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्राम) चालवल्या असत्या, तर बरीचशी यादी एकदम हातात आली असती.

आणि इम्पोर्ट एरर निदान समोर तरी येते. ४.० पासून सीएसआरएफ तपासणी (फॉर्म खरंच आपल्याच साइटवरून आलाय का ते बघणारी) ओरिजिन हेडरही, म्हणजे विनंती कुठल्या साइटवरून आली तेही, बघते. एचटीटीपीएस पुढच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरवरच संपत असेल आणि सेटिंग जमवलं नसेल, तर लॅपटॉपवर छान चालणारं लॉगिन लाइव्हवर ४०३ (परवानगी नाही) ही एरर देतं. ऐन सौद्यात व्यापाऱ्याला हे दिसलं तर फोन कोण घेणार?

कराडहून:
मी थेट उडीच्याच बाजूचा. २.२ चा सपोर्ट एप्रिल २०२२ लाच संपला, आता रेंगाळणं धोक्याचं. फक्त ट्रेसबॅकमधला (एररसोबत येणारी फाइलींची यादी) शेवटच्या फाइलचा रस्ता नीट वाचा. त्यात साइट-पॅकेजेस (बाहेरची पॅकेजेस बसतात ते फोल्डर) असेल तर चूक बहुधा तुमच्या कोडमध्ये नाही, त्या पॅकेजची नवी आवृत्ती घ्या. आमच्या एका सहकाऱ्याने आतल्या फाइलीतच दुरुस्ती केली होती. पुढच्या वेळी पिपने (पायथनचं पॅकेज टाकायचं साधन) पॅकेज इन्स्टॉल केलं तेव्हा ती पुसली गेली आणि आम्ही दोन दिवस तेच शोधत बसलो.

विश्रामबाग, सांगली:
४०३ चं माझ्या ध्यानात नव्हतं. लाइव्ह केलेलं नाही अजून, आधी ते बघतो. पण टेस्ट आमच्याकडे नाहीतच, मग इशारे दिसणार कसे?

मिरजेहून:
३.२ ची वेगळी व्हर्च्युअल एन्व्ह (पॅकेजेसची स्वतंत्र जागा) करा. ‘-डब्ल्यूए’ लावून रनसर्व्हर (जँगोचा चाचणीसाठीचा सर्व्हर) चालवा आणि सौदा, पट्टी, लॉगिन अशी सगळी पानं हाताने उघडा. टर्मिनलवर इशारे पडतील.