शब्दचर्चा : 'आकारिक' म्हणजे काय?

मुलगी तिसरीत आहे. परवा पंचवटीतल्या तिच्या शाळेत पालकसभा होती. बाईंनी नोंदवही पुढे ठेवली. एका रकान्यात 'आकारिक', दुसऱ्यात 'संकलित'. घरी सासूबाईंनी विचारलं, "आकारिक म्हणजे चित्रकला का गं?" मला धड सांगता आलं नाही. हे शब्द कुठून आले? आणि मूल्यमापन की मूल्यांकन?

प्रतिसाद

ताई, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, म्हणून सांगते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टच्या शासननिर्णयाने 'सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन' आलं आणि ही जोडी वर्गावर्गात पोचली.

आकारिकमधला आकार म्हणजे 'आकार देणं'. मडकं चाकावर असताना कुंभाराचा एक हात आत असतो, एक बाहेर. कुठे जाड राहिलं ते बोटांना कळतं आणि तिथल्या तिथे सारखं होतं. हे आकारिक. भट्टीतून काढल्यावर टिचकी मारून बघायचं, ते संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. आकारिकात रोजचं निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, छोट्या चाचण्या, स्वाध्याय असं सगळं येतं. त्या निर्णयात पहिली-दुसरीला आकारिकचा भार ७०, संकलितचा ३०. तुमच्या लेकीच्या तिसरीला ६०-४०. सातवी-आठवीला उलटून ४०-६०. चिमुकल्यांचं बरंचसं शिकणं कागदावर उतरतच नाही, म्हणून हे मला फार योग्य वाटतं.

मूल्यांकन घराचं, दागिन्याचं होतं; तिथे शेवटी एक आकडा हवा असतो. शाळेत मूल्यमापन रुळलंय, तेच ठेवावं.

प्रतिसाद

'सर्वंकष'बद्दल थोडं. यात 'कष्' हा धातू आहे, अर्थ घासणं. निकष, कस, कसोटी ही सगळी त्याच घरातली. आपल्या सराफ बाजारात काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून कस बघतात, तो दगड म्हणजे कसोटी. 'परीक्षा'सुद्धा परि + ईक्षा, सगळीकडून नीट पाहणं. तीन तासांच्या पेपराशी या शब्दाचं मुळात काही नातं नव्हतं. (जाता जाता : 'इयत्ता' म्हणजे 'इतकेपणा'. किती गोड शब्द आहे!)

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. कुंभाराचं उदाहरण सासूबाईंना लगेच पटलं. त्यांच्यासाठी निकाल म्हणजे १ मे, झेंडावंदन आणि पास की नापास. आता एक शंका : प्रगतीपुस्तक की प्रगतिपुस्तक?

प्रतिसाद

सुटा शब्द 'प्रगती', समासात पहिलं पद आलं की ऱ्हस्व : प्रगतिपुस्तक. छापील पुस्तकांवर सर्रास दीर्घ दिसतं, पण नियम हा.

त्यातली श्रेणी बघून पुस्तक मिटू नका, ताई. अ-२ म्हणजे ८१ ते ९०, एवढंच तिच्यातून कळतं. वर्णनात्मक नोंदी वाचा, विशेषतः 'सुधारणा आवश्यक' हा रकाना. तिथे नुसतं 'गणिताकडे लक्ष द्यावे' असेल, तर नेमकं काय अडतं ते बाईंना जरूर विचारा. तो तुमचा हक्क आहे.

मूळ प्रश्नकर्ती

आत्ता काढून बघितलं. गेल्या वर्षी 'अक्षर सुधारावे' एवढंच होतं. या वेळी बाईंनी लिहिलंय, 'हातच्याच्या वजाबाकीत दशकातून एक घेते, पण दशक कमी करायला विसरते.' सासूबाईंनी खराट्याच्या काड्या मोडून दहा-दहाचे गठ्ठे बांधलेत. दोघी ओसरीवर बसल्यात. बावन्नातून सतरा चाललंय.