धंद्यासाठी स्वतंत्र फायबर लाइन घेतलीत? तुमचा अनुभव लिहा

वाळूज एमआयडीसीत आमचं मोल्ड-डायच्या डिझाइनचं ऑफिस आहे. सात संगणक, नऊ माणसं. चार वर्षं आम्ही साध्या ब्रॉडबँडवर काढली. बिलावर ३०० एमबीपीएस लिहिलेलं असायचं आणि सकाळी दहाला तपासलं तर तेवढं मिळायचंही. संध्याकाळी सहानंतर मात्र फाइल वर चढायची नाही. ग्राहकाला सुधारित ड्रॉइंग पाठवायची आमची वेळ नेमकी तीच.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी ‘रिव्हिजन सी’ची फाइल अर्ध्यात अडकली. मेल गेला असं समजून आम्ही घरी गेलो. तिकडे रात्रपाळीनं जुन्या ‘रिव्हिजन बी’वर स्टील कापलं. तो ठोकळा पैसे भरून आम्हीच उचलून आणला. अजून ऑफिसच्या कोपऱ्यात आहे.

त्यानंतर मी हा विषय मुळापासून समजून घेतला. घराघरांत जे फायबर येतं त्यात एकाच तंतूवर स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ जोडण्या देतात. या पद्धतीला जीपॉन म्हणतात; तिच्यात त्या सगळ्यांना मिळून खाली यायला सुमारे २.५ जीबीपीएस असतात आणि वर जायला त्याच्या निम्मे. संध्याकाळी सगळी आळी मोबाइल-टीव्ही लावून बसली की आपला वाटा आकसतो. लीज्ड लाइनमध्ये, म्हणजे फक्त आपल्यासाठी घेतलेल्या स्वतंत्र लाइनमध्ये, १:१ असतं: घेतलेला वेग पूर्ण आपला, येताना जेवढा तेवढाच जाताना. शिवाय स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) मिळतो, आणि लाइन बंद पडली तर किती वेळात जोडून देणार ते करारात लिहिलेलं असतं. आम्ही ५० एमबीपीएसची घेतली. आकडा ३०० वरून ५० वर आला म्हणून ऑफिसात सगळे हळहळले. पंधरा दिवसांत कोणी विषय काढेनासं झालं, कारण फाइली जायला लागल्या.

पण निवड करताना पुष्कळ गोष्टी विचारायच्या राहून गेल्या, त्या आता कळताहेत. म्हणून हा धागा. मराठवाड्यात ज्यांनी अशी लाइन घेतली, किंवा विचार करून नाही घेतली, त्यांनी लिहा. कंपनीचं नाव नको. गाव, धंदा आणि काय घडलं तेवढं पुरे.

जालना, सळईचा व्यापार

ताई, माझा अनुभव महागातला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्याकडे एका कंपनीची लीज्ड लाइन आणि आधाराला दुसऱ्या कंपनीचं ब्रॉडबँड, असं दोन्ही होतं. कंपन्या दोन, बिलं दोन, राउटर असा की एक गेली की दुसरी आपोआप चालू. मी निश्चिंत होतो. मग आमच्या रस्त्याला नाली खोदायला जेसीबी आला आणि एका फटक्यात दोन्ही गेल्या. वजनकाट्यावर गाड्या उभ्या, ई-वे बिल निघेना, ड्रायव्हर लोक शिव्या घालायलेत. शेवटी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकेक बिल काढलं.

दुपारी जोडणारी माणसं आली तेव्हा खड्ड्यात उतरून पाहिलं. दोन्ही कंपन्यांच्या केबली एकाच पाइपातून आलेल्या. चौकापासून आमच्या गेटापर्यंतचा शेवटचा सातशे-आठशे मीटरचा तुकडा एका स्थानिक केबलवाल्याचा, आणि दोघांनीही तोच भाड्यानं घेतलेला. कागदावर दोन रस्ते, जमिनीत एकच.

तेव्हापासून कोणी लाइन विकायला आलं की वेग नंतर, आधी रूट विचारतो. नकाशावर पेनानं रेघ मारून दे म्हणतो: कुठल्या टॉवरवरून निघते, कुठल्या रस्त्यानं येते, जमिनीखालून की खांबावरून, शेवटचा तुकडा कोणाच्या मालकीचा. जो मारून देत नाही त्याला चहा पाजून वाटेला लावतो. आता मुख्य लाइन पुढच्या रस्त्यानं जमिनीखालून आहे आणि आधाराची गच्चीवर डिश लावून हवेतून. पावसात हवेतल्या लाइनचा वेग थोडा उतरतो, पण जेसीबी तिला शिवू शकत नाही.

अजून एक. खोदणाऱ्यानं आधी कळवावं म्हणून सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं अॅप आहे, २२ मार्च २०२३ ला सुरू झालं. आमच्या गल्लीतल्या ठेकेदाराला ते माहीतच नव्हतं. आता गेटाजवळ खोदकाम दिसलं की मी स्वतः जाऊन केबल कुठून गेली ते दाखवतो.

लातूर, कोचिंग क्लास

आमचे वर्ग लातुरात भरतात, पण निलंगा, अहमदपूर, रेणापूरकडची पोरं घरी बसूनही तास बघतात. म्हणजे आमचा सगळा भार अपलोडवर. एकानं ‘डेडिकेटेड बिझनेस प्लॅन’ म्हणून १०० एमबीपीएस दिलं. पहिल्याच आठवड्यात फिजिक्सच्या तासाला चित्र गोठायला लागलं. तपासलं तर अपलोड २० च्या आत.

कोटेशन पुन्हा काढून वाचलं. त्यात ‘१०० एमबीपीएस पर्यंत’ लिहिलेलं होतं. तो ‘पर्यंत’ मी पाहिलाच नव्हता. ज्या कागदावर ‘पर्यंत’ आहे ती लीज्ड लाइन नाही, मग तोंडी काहीही सांगोत. दुसऱ्यांदा घेताना मी तीन गोष्टी कागदावर मागितल्या: प्रमाण १:१, अपलोड-डाउनलोड समान, आणि वापराचा आलेख बघायला लॉगिन. आलेखामुळे मोठी सोय झाली. आमचा खरा वापर ४० च्या वर जात नाही हे दिसलं, म्हणून नूतनीकरणाला १०० वरून ५० वर आलो आणि वाचलेल्या पैशातून यूपीएस घेतला.

ज्या पोराच्या गावात आधीच रेंज धड नाही, त्याचा तास आपल्याकडून तरी तुटू नये.

नांदेड, सीटी स्कॅन सेंटर

आमच्याकडे रात्री रेडिओलॉजिस्ट नसतात. अपघाताचा रुग्ण आला की स्कॅन करून प्रतिमा बाहेरगावच्या डॉक्टरांना पाठवायच्या आणि त्यांनी घरून रिपोर्ट द्यायचा. एका तपासणीच्या प्रतिमा ५०० एमबी सहज होतात. हिशेब करताना एक चूक सगळे करतात: फाइल मोजायची बाइटमध्ये आणि वेग बिटमध्ये, म्हणजे आठानं गुणायला हवं. ५०० एमबी म्हणजे ४००० मेगाबिट. १० एमबीपीएस अपलोड असेल तर ४०० सेकंद, जवळपास सात मिनिटं, तेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर. ५० असेल तर ८० सेकंद. डोक्याला मार लागलेला माणूस टेबलावर असताना हा फरक काय असतो ते बाहेर बसलेल्या नातेवाइकांना विचारा.

लाइन घेतली तेव्हा करारात ९९.५ टक्के वेळ चालू राहण्याची हमी होती. ऐकायला भरघोस वाटतं. तीस दिवसांचे ७२० तास धरले तर अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. महिन्यात एवढा वेळ बंद राहिली तरी कंपनी करारात बसते. ९९.९ असेल तर सुमारे ४३ मिनिटं. आम्ही भांडून ९९.९ करून घेतलं, पैसे जास्त दिले.

पण खरी मेख पुढे आहे. बंद वेळ कधीपासून मोजतात? तुम्ही तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घेतला त्या मिनिटापासून. रात्री दीडला लाइन गेली आणि टेक्निशियनच्या मोबाइलवर फोन करत बसलात, तर तो वेळ कुठेच धरला जात नाही. आमच्या रात्रीच्या मुलाला मी एक वही करून दिली आहे. लाइन गेली की आधी डॉकेट, मग बाकीचे फोन. एकदा पावणेसहा तास बंद होती, वहीतले नंबर दाखवले आणि पुढच्या बिलात कपात मिळाली. कराराबाहेर काय ठेवलं आहे तेही वाचा. आपल्याकडची वीज गेल्यामुळे लाइन बंद झाली तर ते सहसा आपल्याच खात्यावर येतं.

परभणी, कर सल्लागार

थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही लीज्ड लाइन घेतली नाही आणि पश्चात्ताप नाही. ११ आणि २० तारखेला जीएसटीची धावपळ असते तेव्हा लाइन जाऊन चालत नाही, हे खरं. पण आमच्या फाइली छोट्या. दोन वेगळ्या कंपन्यांची ब्रॉडबँड आणि दोन्ही झेलणारा एक राउटर एवढ्यावर भागतं. स्थिर आयपीही सगळ्यांना लागत नाही. ऑफिसात सर्व्हर ठेवून बाहेरून उघडायचा असेल, शाखा जोडायच्या असतील तर लागतो.

बाकी ज्यांनी घेतली आहे त्यांनी बिलावर आपला जीएसटी नंबर टाकून घेतलाय का बघा. १८ टक्के कर लागतो, नोंदणी असेल तर नियमानुसार त्याचं क्रेडिट मिळतं. कितीतरी अशिलांचं मी फुकट गेलेलं पाहिलंय, कारण जोडणी मालकाच्या वैयक्तिक नावावर.

जालन्याच्या भाऊंचा अनुभव वाचून मात्र आज माझ्या दोन तारा कुठून येतात ते बघायला खाली जाणार आहे.

बीड, फायबर जोडणीचं काम

मी तुमच्या पलीकडच्या बाजूचा. बारा वर्षं झाली, तारा ओढायच्या आणि तुटलेल्या जोडायच्या हेच काम. ग्राहकाला कोणी सांगत नाही त्या गोष्टी सांगतो.

लाइन बसवायच्या दिवशी मीटर लावून तंतूतून येणाऱ्या प्रकाशाची पॉवर किती येते ते विचारा आणि डब्यावर चिठ्ठी डकवून ठेवा. आकडा उणे असतो. ब्रॉडबँडच्या डब्याला उणे १८, उणे २० आलं तर झकास. उणे २७ च्या पलीकडे गेलं की समजा लाल दिवा आलाच. लीज्ड लाइनच्या यंत्राचं प्रमाण वेगळं असतं, पण पहिल्या दिवसाचा आकडा लिहिलेला असला की पुढे बिघाड लवकर कळतो. उणे २० चं उणे २५ झालं, तर कुठेतरी केबल दबली, वाकली किंवा जोड खराब झाला. तुटायच्या आधीच बोलवा.

दुसरं, केबल ओढताना चार कोरची ओढून घ्या. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी असे चार तंतू असतात. वापरायचा एक, बाकीचे राखीव. आत एखाद्याला दगा झाला तर दुसरा जोडून दहा-पंधरा मिनिटांत मोकळं होतं. केबल ओढायला मजुरी तेवढीच लागते, फरक केबलच्या भावाचा. एक कोरची असली की आम्हाला सबंध तुकडा हुडकत फिरावं लागतं.

तिसरं विजेचं. तुमच्या ऑफिसात इन्व्हर्टर असतो, पण मधल्या खांबावर कंपनीचा स्विच असेल तर त्याला बॅटरी किती तासांची? आमच्याकडं मे महिन्याच्या वादळात लाइट गेली की चार-चार तास येत नाही. दोन तासांची बॅटरी उतरली की तुमचा इन्व्हर्टर असून नसून सारखा. हे आधी विचारा. आणि गेवराईकडं, माजलगावकडं असाल तर जोडणारी टोळी कुठून येणार तेही विचारा. छत्रपती संभाजीनगरातून गाडी निघणार असेल, तर चार तासांत जोडून देऊ हे लिहिलेलं राहतं आणि दिवस मावळतो.

उदगीर, डाळ मिल

आमचं थोडक्यात. विक्रेत्यानं ‘फिजिबल आहे’, म्हणजे तुमच्यापर्यंत लाइन आणता येईल, म्हटलं, आम्ही वर्षाचे पैसे आगाऊ भरले. मग रस्ता खोदायची परवानगी निघेना. तीन महिने नुसते फोन. विचारलं की कामून उशीर, तर ‘साहेब, पुढच्या आठवड्यात’. सांगायचं एवढंच: माणूस प्रत्यक्ष येऊन मोजून जात नाही तोवर फिजिबल म्हणजे काहीच नाही. पैसे लाइन चालू झाल्यावर, आठ दिवस वापरून मगच. आम्ही दुसऱ्यांदा तसंच केलं, आणि दुसऱ्या कंपनीनं ते मान्यही केलं.

धाराशिव, भूम तालुका, खवा

आमच्या इथं फायबर देणारा एकच आहे, निवडायचं काय? खव्याच्या कोल्ड स्टोरेजचं तापमान मोबाइलवर बघतो, ते रात्री बंद पडलं तर माल जातो.

बीड, फायबर जोडणीचं काम

दादा, तापमानाला वेग लागतच नाही, केबीमधलं काम आहे. लीज्ड लाइनचा खर्च करू नका. ब्रॉडबँड राहू द्या, आणि सिमचा राउटर दुसऱ्या कंपनीच्या सिमसहित लावा, गच्चीवर अँटेना चढवून. तो राउटर आणि तापमानाचं यंत्र दोन्ही एकाच बॅटरीवर घ्या. लाइट गेली की फोनवर कॉल येईल असं गजर करणारं यंत्र मिळतं, ते सिमवर चालतं. तुम्हाला इंटरनेटपेक्षा त्याची गरज जास्त आहे.

वाळूज (धागा सुरू करणारी)

काल जालन्याच्या भाऊंचं वाचलं आणि आज सकाळी आमच्या कंपनीला रूट मागितला. आधी टाळाटाळ झाली, मग त्यांचा इंजिनिअर आला. आमची लीज्ड लाइन आणि आधाराचं ब्रॉडबँड, दोन्ही पुढच्या गेटाबाहेरच्या त्याच एका खांबावर येतात. वर्षभर मी दोन्हींचे पैसे देते आहे. चार कोरचं विचारलं तर आमची दोन कोरची निघाली, दुसरा तंतू रिकामा आहे. पॉवरचा आकडा डब्यावर लिहून घेतला. आधाराची लाइन मागच्या गेटानं, शेजारच्या प्लॉटच्या भिंतीलगत आणता येईल असं तो म्हणाला. शेजाऱ्यांनी हो म्हटलंय. अंतर मोजायला माणूस गुरुवारी येणार आहे, आणि पैसे लाइन चालू झाल्यावरच देणार हे मी आजच लिहून कळवलं आहे.