मदत हवी आहे: कुंभारीच्या घरकुलांवरील माहितीपटातून एक मुलाखत वगळावी का?

नमस्कार. गिरण्या बंद पडल्यानंतर सोलापूरच्या पूर्व भागातील कामगार वस्ती कशी बदलली, यावर आम्ही पदवीच्या विद्यार्थ्यांनी एक माहितीपट केला आहे. त्याचा मोठा भाग शहराबाहेरच्या कुंभारी गावातील घरकुलांविषयी आहे. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून विडी कामगार महिलांना मिळालेली गोदूताई परुळेकर वसाहतीतील १०,००० घरे आणि ३०,००० घरांचा रे नगर प्रकल्प, ज्यातील १५,००० घरांचे वाटप जानेवारी २०२४ मध्ये झाले, असे दोन्ही टप्पे त्यात आहेत. स्मार्ट सिटीच्या २०१६ मधील पहिल्याच यादीत आलेल्या शहराने आपला कामगार मात्र महापालिकेच्या हद्दीबाहेर का वसवला, असा आमचा प्रश्न आहे.

विभागातील खेळानंतर वसाहतीतील काही रहिवाशांनी आक्षेप घेतला की, भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात येण्यासाठी केलेला झगडा बाजूला पडून गैरसोयींचेच रडगाणे दिसते. संस्थेने पुढचे खेळ थांबवले. हा आक्षेप मला पटत नाही, कारण घराचा अभिमान आणि अंतराची तक्रार एकाच बाईच्या तोंडी आहे. तक्रार काढली, तर उरते ती जाहिरात.

खरी अडचण याच मावशींची आहे. दारात बसून, मांडीवरच्या सुपातली तेंदूची पाने कात्रीने मापात कापता कापता त्या सांगतात, "घर माझ्या नावावर आहे, पण काम अजून गावातच राहिलंय." वळलेल्या विड्या कारखान्याला द्यायला बसने जायचे, त्यातल्या काही छाटमध्ये गेल्या, म्हणजे नापास ठरल्या, की बसचे भाडेही अंगावर, हेही त्या बोलल्या. संमतीपत्रावर त्यांची सही आहे. आता त्यांचा मुलगा म्हणतो की छाटाचे वाक्य काढा, नाहीतर आईला पाने कमी मिळतील.

सही असली तरी संमती मागे घेता येते का, याची कायदेशीर बाजू कोणी सांगू शकेल का? चेहरा धूसर करून भागणार नाही, कारण ते दार अख्खी गल्ली ओळखते. तेच म्हणणे दुसऱ्या कोणाकडून नव्याने घेतले, तर ते प्रामाणिक ठरेल का? शिवाय वसाहतीतच विनामूल्य खेळ करून रहिवाशांशी चर्चा करायची आहे. त्यासाठी १९५२ च्या चलच्चित्रपट अधिनियमाखालील प्रमाणपत्र लागते का? ज्यांनी असा खेळ प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.