झेड ड्राइव्हवरचं फोल्डर डिलीट होईना, म्हणून सगळ्यांना फुल कंट्रोल द्यावा का?

तूरडाळ_लातूर: आमची डाळ मिल आहे. ऑफिसात पाच कॉम्प्युटर, सगळा डेटा मुनीमजींच्या मशीनवर शेअर केलेला. बाकीच्यांना तो झेड ड्राइव्ह म्हणून दिसतो. आठ दिवस झाले, जुने फोल्डर काढायलोय. कधी 'फाइल इन यूज', कधी 'ॲक्सेस डिनाइड'. काल वैतागून एव्हरीवनला, म्हणजे सगळ्यांनाच, फुल कंट्रोल (सगळे अधिकार) देऊन टाकला. 'खरेदी जुनी' फोल्डर तरी जागचं हलत नाही! पण माझं मत ठाम आहे: पाच माणसांच्या ऑफिसात परमिशनचं सोवळं कशाला?

गोदाकाठ_नांदेड: अहो, फुल कंट्रोल देऊनही हललं नाही, यातच उत्तर आलं की. 'इन यूज' म्हणजे फाइल कुणीतरी धरून ठेवलीय, त्याचा परवानगीशी संबंध नाही. कुलूप उघडंच आहे, आतून कडी लावलीय. हिडन फाइल्स दाखवा, आत थम्ब्स डॉट डीबी असणार. फोटोंच्या छोट्या चित्रांसाठी विंडोज ती बनवतं आणि फोल्डर कुणाकडे उघडं असलं की सोडत नाही. एव्हरीवन आधी काढा.

बालाघाट_बीड: थोडं थांबा. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधल्या शेअरिंग टॅबमध्ये फुल कंट्रोल दिला तर आभाळ कोसळत नाही. शेअरची परवानगी आणि सिक्युरिटी टॅबमधली, दोन्हींत जी कडक ती लागू होते. शेअर मोकळं ठेवून आवळायचं ते सिक्युरिटीत. 'ॲक्सेस डिनाइड' बहुतेक तिथूनच येत असणार.

जुना_क्लार्क_परभणी: आवळाच. मी एका पतसंस्थेत होतो, तिथं सगळ्यांना सगळं खुलं. नव्या पोरानं 'जुनं' म्हणून एक फोल्डर उडवलं. नेटवर्कवरचं डिलीट रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट गायब. प्रीव्हियस व्हर्जन्स, म्हणजे फाइलची जुनी प्रत परत आणायची विंडोजची सोय, चालू नव्हतं. व्हाउचरं काढून पुन्हा टायपिंग केलं, बोटांना घट्टे पडायचे बाकी होते.

बालाघाट_बीड: वाईट झालं, पण त्याला फुल कंट्रोलऐवजी मॉडिफाय (फाइल वाचायची-बदलायची परवानगी) दिलं असतं तरी त्यानं उडवलंच असतं. मॉडिफायमध्ये डिलीट असतंच. तेवढं डिलीट काढून घ्या, मग एक्सेल सेव्ह होईना म्हणून दुसरी बोंब! ते सेव्ह करताना नवी तात्पुरती फाइल लिहितं, जुनी हटवून तिचं नाव घेतं. तुमच्याकडे बॅकअप नव्हता, हे म्हणा ना.

गोदाकाठ_नांदेड: बॅकअपचं मान्य. तरी फुल कंट्रोलवाला परवानग्याही बदलू शकतो, मालकीही घेऊ शकतो. उद्या रागावलेल्या माणसानं मालकालाच बाहेर काढलं तर? लातूरकर, मुनीमजींच्या मशीनवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाइल्स बघा. कुणी धरलंय ते नावासकट दिसेल. लगेच क्लोज करू नका, कुणाचं सेव्ह व्हायचं राहिलं असेल तर गेलं.

तूरडाळ_लातूर: बघितलं. थम्ब्स डॉट डीबी आहे, पण ओपन फाइल्सची यादी कोरी!

बालाघाट_बीड: त्या यादीत नेटवर्कवरून उघडलेलंच दिसतं. त्याच मशीनवर उघडलेलं दिसत नाही. मुनीमजींचा टास्कबार बघा.

तूरडाळ_लातूर: हो राव. खाली मिनिमाइझ करून ठेवलेलं, बिलांच्या फोटोंचं फोल्डर. बंद केलं, फोल्डर उडालं. मुनीमजी म्हणायले, "मी तर काहीच उघडलं नव्हतं." एव्हरीवन आज काढतो, पण मॉडिफाय पाचही जणांना राहील. त्यावर माघार नाही.

जुना_क्लार्क_परभणी: राहू द्या. बॅकअपसाठी पेन ड्राइव्ह आजच घ्या मात्र, आणि तो मुनीमजींच्या मशीनला लावून ठेवू नका.