ओढ्याकाठी नेच्याचे कोंब मिळालेत, खायचे का?

पानवाटा:
रविवारी ओढ्याच्या कडेने चालताना नेच्याचे कोवळे, घट्ट गुंडाळलेले कोंब दिसले. दोन मुठी खुडून आणले, फ्रीजमध्ये ठेवलेत. एका व्हिडिओत ते कच्चेच सॅलडमध्ये घातलेत, दुसऱ्यात दोन मिनिटं तेलावर परतलेत. माझ्याकडच्या काही कोंबांवर तांबूस लव आहे, काहींवर नाही. जागा एकच होती, झाड एकच होतं का ते मात्र पाहिलं नाही. फोटो जोडलाय. स्वतः खुडून शिजवणारं कोणी आहे का इथे?

झऱ्याकाठी:
फोटो मोठा करून पाहिला. कच्चे खाऊ नका, नुसते परतूनही खाऊ नका. आणि या दोन मुठी तर अजिबात नकोत, त्यात किमान दोन वेगळे नेचे मिसळलेत.

गुंडाळलेला कोंब ही ओळख नव्हे. जवळपास सगळेच नेचे असे गुंडाळीतूनच उलगडतात, विषारीसुद्धा. मी बावीस वर्षं ऑस्ट्रिच फर्न या खाण्याजोग्या नेच्याचे कोंब खुडतेय आणि आजही प्रत्येक कोंब हातात घेऊन बघते. गुंडाळी ज्या बाजूला वळलेली असते, त्या बाजूने देठावर अंगठ्याचं नख फिरवायचं. ऑस्ट्रिच फर्न असेल तर नख खोल खाचेत बसतं, सेलरीच्या देठाला असते तशी खाच. देठ हिरवा आणि गुळगुळीत. गुंडाळीवर कांद्याच्या सालीसारखे तपकिरी पापुद्रे असतात, चोळले की सुटतात. लव नसते. तुमच्या फोटोत उजवीकडच्या कोंबांवर लोकरीसारखी लव आहे, ते हा नेचा नव्हेत. डावीकडचे तीन असू शकतील, पण फोटोत खाच दिसत नाही.

पुन्हा तिथे जा आणि अख्खं झाड बघा. एकाच गड्ड्यातून फुलदाणीसारखी गोल उठलेली पानं, आणि मध्ये गेल्या वर्षीची ताठ, तपकिरी, पिसासारखी बीजाणूंची पानं उभी असतात. ती हिवाळाभर पडत नाहीत. म्हणून मी जागा हिवाळ्यातच हेरून ठेवते.

ब्रॅकन नावाचा दुसरा, घातक नेचा वेगळा दिसतो. त्याचा एकेक देठ जमिनीतून सुटासुटा येतो, अंगावर लव असते आणि टोक तीन फाट्यांत उलगडतं. त्यात टाक्विलोसाइड नावाचं द्रव्य असतं. ब्रॅकन चरणाऱ्या गुरांना त्याने मूत्राशयाच्या गाठी होतात. 1987 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ब्रॅकनला 'माणसात कर्करोग होण्याची शक्यता' या 2-ब गटात टाकलं. जपान-कोरियात तो राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात मुरवून, उकळून खातात. त्याने विष बरंच उतरतं, पण सगळं उतरेलच असं नाही. मी खात नाही आणि कुणाला खा म्हणणार नाही.

कढईवाली:
ताईंनी ओळख सांगितली, मी शिजवण्याचं सांगते.

एका वर्षी मी कोंब चारच मिनिटं उकळले. हिरवागार रंग आणि कुरकुरीतपणा जाऊ नये एवढाच विचार होता. जेवायला चौघं होतो. त्या रात्री तिघांना उलट्या आणि जुलाब झाले, त्यात माझी आईही होती. सकाळपर्यंत तिच्या उशाशी बसले होते मी, ती रात्र विसरणार नाही. कोंब योग्य जातीचेच होते, चुकली ती वेळ.

नंतर वाचलं की 1994 मध्ये न्यूयॉर्क राज्यात आणि पश्चिम कॅनडात हेच मोठ्या प्रमाणावर झालं होतं. न्यूयॉर्कमधल्या एका उपाहारगृहात कोंब दोनेक मिनिटं परतून वाढले आणि लोक आजारी पडले. दुसऱ्या ठिकाणी आधी दहा मिनिटं उकळून मग परतले होते, तिथे कुणाला त्रास झाला नाही. नेमकं कुठलं विष, ते तेव्हा सापडलं नाही. म्हणून चवीवर किंवा वासावर विसंबून चालत नाही.

माझी पद्धत अशी: कोरडे असतानाच पापुद्रे चोळून काढायचे, ओले झाले की चिकटून बसतात. मग तीन-चार पाण्यांत धुवायचे, गुंडाळीच्या आत माती अडकलेली असते. भरपूर पाण्याला खळखळ उकळी आली की कोंब टाकायचे आणि पूर्ण 15 मिनिटं उकळायचे. वाफवायचे तर 10 ते 12 मिनिटं. पाणी चहासारखं तपकिरी होतं, ते ओतून द्यायचं, कशातही वापरायचं नाही. मग हवं तर तेलात लसूण टाकून परता, मीठ, वर लिंबू. चव शतावरीच्या कोंबासारखी, थोडी मातकट. फ्रीझरमध्ये ठेवायचे तर दोन मिनिटं उकळून गार करा, पण खाताना पुन्हा पूर्ण वेळ उकळायचेच.

ओलसावली:
जागेबद्दल एक. जुन्या कारखान्याच्या, खाणीच्या किंवा फवारणी होणाऱ्या जमिनीवरचे कोंब घेऊ नका. टेरिस व्हिटाटा नावाचा नेचा मातीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो, हे 2001 मध्ये सिद्ध झालंय. सगळे नेचे इतकं साठवत नाहीत, पण माती स्वच्छ असल्याची खात्री हवी.

पानवाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या दोन मुठी टाकून दिल्या. आज परत गेलो होतो. ताई, तुम्ही सांगितलेली तपकिरी पानं मिळाली, चार गड्ड्यांमध्ये. नख फिरवलं तर खरंच खाचेत बसलं. लव असलेले कोंब दीड हातावरच्या वेगळ्या झाडाचे निघाले. पण गड्ड्यावर पाच-सहाच कोंब आहेत, त्यातले दोन मी गेल्या वेळी खुडलेत. आता अजून घेऊ का?

झऱ्याकाठी:
त्या गड्ड्यांना यंदा हात लावू नका. त्या कोंबांचीच पानं होतात आणि त्यांच्यावर गड्डा पुढच्या वर्षीचं अन्न साठवतो. मी मोसमात एकदाच खुडते, आणि एका गड्ड्याचे निम्म्याहून जास्त कधीच नाही. ज्या गड्ड्यावर तीनच कोंब असतील तो तसाच सोडते. तुम्ही यंदा नुसते जाऊन बघा. पानं पूर्ण उलगडली की एकाचा फोटो टाका, मग जात नक्की करता येईल.